त्रेचाळीस-एकोणीस

कुलूपवाल्याच्या सायकलला ब्रेक नव्हता आणि त्याच्या घराला बेल नव्हती. सायकलचा हट्ट त्याचा होता आणि बेलचा त्याच्या सासऱ्यांचा. दोघेही आपापल्या हट्टाचे पक्के, त्यामुळे एका छपराखाली राहूनही त्यांचं बरं जमत होतं.

सासऱ्यांची सगळी नोकरी दारावरच्या बेल बनवणाऱ्या कारखान्यात गेली. तयार झालेली प्रत्येक बेल वाजवून ऐकायची आणि मान हलवायची, एवढंच काम. मान उभी हलली की बेल बाजारात जायची, आडवी हलली की भट्टीत. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी घरची बेल काढून टाकली आणि आता जो येईल तो आपल्या आवाजाने येईल असं जाहीर करून टाकलं. नजर त्यांची अजून शाबूत होती, पण तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दिसण्यात कुणीही फसवतो म्हणायचे, ऐकण्यात फसवायला मेहनत लागते.

आता सायकलीचं सांगायला हवं. या जातीच्या सायकलीत मागची चक्री चाकाला घट्ट जखडलेली असते. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर जरा पाय निवांत ठेवीन म्हणालात तर सायकल तुम्हाला सरळ झटकून टाकते. थांबायचं तर अंगाचा भार पुढे टाकायचा, दोन्ही पायांनी पेडल रोखून धरायचं, म्हणजे मागचं चाक थिजतं आणि चर्रर्र घासत जाऊन उभं राहतं. शहाण्या माणसाने असल्या वाहनाच्या वाटेला जाऊ नये. पण कुलूपवाल्याला ती आवडायची, कारण तिच्यात आणि त्याच्यात मध्यस्थ कुणी नव्हता.

त्यातही त्याने पुढच्या चक्रीला अठ्ठेचाळीस दाते घेतले होते आणि मागच्या चक्रीला सोळा. पेडलचा एक फेरा झाला की चाकाचे तीन, बाकी शून्य. जन्मभर किल्ल्या कापणाऱ्या माणसाला असा चोख हिशेब पाहून बरं वाटतं. मात्र त्या बाकी शून्याची एक गोम होती. तो थांबायचा ते नेहमी उजवा पाय पुढे ठेवून, आणि भागाकार असा नेमका सुटत असल्यामुळे दर वेळी टायरची तीच जागा रस्त्याला घासायची. सगळं टायर नवं कोरं आणि तेवढी एक जागा टक्कल पडल्यासारखी गुळगुळीत. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती जागा खाली आली की आवाज यायचा, ठप. टायर बदललं तरी थोड्याच दिवसांत नवंही त्याच जागी ठपठपायला लागायचं.

घर टेकडीच्या माथ्यावर, दुकान पायथ्याच्या बाजारात. संध्याकाळी तो चढायला लागला की पाण्याच्या टाकीच्या वळणापासून ठप, ठप, ठप ऐकू यायचं आणि सगळी गल्ली कामाला लागायची. समोरची शिंपीण इस्त्री बंद करायची. त्याची बायको घरी बसून पुस्तकांची बांधणी करायची, ती सुई ठेवून सूप गॅसवर चढवायची. आवाज लांब लांब पडला तर आज दमलेत. लगबगीने पडला तर खुशीत आहेत. मध्येच थबकला तर कुणीतरी फुकटात काम करून घेतलंय. तो दारात येईपर्यंत तिला त्याचा सगळा दिवस कळलेला असायचा, आणि ते चांगलंच होतं, कारण दारात आलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटण्याची सोय नसायची. अठ्ठेचाळीस-सोळा घेऊन ती टेकडी चढलेला माणूस जिवंत आहे एवढंच पुष्कळ. खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत तो धपकन बसायचा, धाप ओसरेपर्यंत जेवण झालेलं असायचं आणि जेवण झाल्यावर झोप यायची. अकरा वर्षं संसार असा सुखाचा चालला होता.

मग त्याच्या गुडघ्याने बंड केलं.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, सायकलही पाहिली आणि सांगितलं, "एक तर घर खाली आणा, नाहीतर ही चक्री बदला."

घर खाली आणणं जड होतं. म्हणून तो आपल्या साडूकडे गेला. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या या नवऱ्याचं बाजारातच सायकलचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं.

"साडूभाऊ, इतकी वर्षं सांगतोय तुम्हाला," साडू हात पुसत म्हणाला. "पण माझं ऐकतो कोण. चढासाठी पुढची चक्री लहान करा, मागची मोठी करा. पायाला लोण्यासारखी हलकी लागेल."

"किती?"

"बेचाळीसला अठरा घ्या."

कुलूपवाल्याने मनातल्या मनात भाग दिला. "सहाने दोन्हीला भाग जातो. सात आणि तीन राहिले. म्हणजे टायर तीन जागी झिजणार."

"मग चव्वेचाळीसला सोळा?"

"अकरा आणि चार. चार जागी झिजणार, आणि चढाला फारसा फरकही नाही."

साडूला आव्हान मिळालं की तो खुलायचा. त्याने फळीवरच्या सगळ्या चक्र्या खाली काढल्या, जमिनीवर मांडल्या, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून वाटेला लावलं, आणि दोघे मांडी घालून जोड्या लावत बसले. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं असं नाही, उलट फारच पटत होतं आणि तीच अडचण होती. अखेर साडूने दोन चक्र्या उचलून एकमेकींना टेकवल्या.

"त्रेचाळीसला एकोणीस," तो म्हणाला. "दोघेही एकलकोंडे. कशानेही भाग जात नाही. घासायची जागा दर वेळी वेगळी, एकोणीस ठिकाणी विभागून. पाय आलटूनपालटून थांबलात तर अडतीस. टायर गोल झिजेल. चढ हलका, थांबवायला जोरही कमी. उतारावर मात्र पाय शिवणयंत्रासारखे पळतील, ते सहन करा."

चेनचे दुवे कमी झाले, टायर नवं चढलं, जुनं साडूने दुकानात खिळ्याला टांगून ठेवलं. संध्याकाळी कुलूपवाला टेकडी चढला आणि आश्चर्याने थक्क झाला. गुडघा कुरकुरला नाही. टाकीच्या वळणावर थबकावं लागलं नाही. माथ्यावर पोचला तरी छातीत हवा शिल्लक होती. सायकल मुक्या जनावरासारखी चालत होती. दारात कुणी नव्हतं, म्हणून त्याने आपल्या किल्लीने दार उघडलं आणि आत गेला.

सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. "कोण आहे?"

"मी आहे, बाबा."

"बसा. जावई अजून यायचेत."

त्याला वाटलं थट्टा करतात. तो आपल्या खुर्चीकडे वळला, तोच बायको आतून आली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, हातातली सुई उशीला टोचली आणि मऊ आवाजात म्हणाली, "तिथे नका बसू. ती ह्यांची जागा आहे. तुम्ही इथे बसा. हे येतीलच इतक्यात."

आणि तिने त्याला पाहुण्यांची लाकडी खुर्ची दिली. त्या खुर्चीत तो आयुष्यात कधी बसला नव्हता. ती विलक्षण टोचते हे त्याला तेव्हा कळलं.

"अगं, मीच आहे," तो म्हणाला.

"हो का," ती म्हणाली आणि पाणी घेऊन आली. पाणीही पाहुण्यांच्या ग्लासात.

त्याने काय काय करून पाहिलं ते सांगत बसलो तर संध्याकाळ पुरायची नाही. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोखाली जाऊन उभा राहिला. बायकोने फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "दिसता खरे ह्यांच्यासारखे," ती म्हणाली आणि परत खिडकीशी कान लावून उभी राहिली. स्वतः घडवलेली किल्ली दाखवली तर सासरे म्हणाले, कुलूपवाला असल्याचं सिद्ध झालं, जावई असल्याचं नाही. शेवटी जेवणाची वेळ टळायला लागली तेव्हा पाहुण्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही म्हणून तिने त्याला वाढलं. नवऱ्याचं ताट झाकून ठेवलं. झोपायला बैठकीतला बाक मिळाला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरची ती भरतकामाची चादर मिळाली, जिला आजवर त्याला कुणी हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने डोकं चालवलं. टायरवर रबराचा एक जाड तुकडा चिकटवला. चढताना ठप, ठप, ठप असा आवाज छान येत होता. शिंपिणीने खिडकीतून डोकावून पाहिलं, म्हणून त्याच्या आशा पल्लवित झाल्या. पण सासरे दारातच उभे होते आणि त्यांची मान आडवी हलत होती.

"उंचवट्याचा आवाज आहे," ते म्हणाले. "जावयांचा खड्ड्याचा होता. कुणीतरी नक्कल करतंय."

"तेच पाहुणे आहेत, बाबा," बायको म्हणाली. "या, बसा. हे काल आलेच नाहीत बघा."

तिच्या आवाजात काळजी होती. पण पाहुण्याने दुसऱ्याच्या बायकोचे अश्रू पुसणं शोभलं नसतं. म्हणून तो पाहुण्याने करायची गोष्ट करायला लागला, म्हणजे बोलायला लागला. छातीत दम होताच. एका गृहस्थांनी स्वतःच्या फ्रिजला कुलूप बसवून घेतलं, किल्ली तुमच्याकडेच ठेवा आणि मी मागितली तरी देऊ नका असं बजावलं, आणि दुपारीच गयावया करत आले, ती हकिगत त्याने सांगितली. याने किल्ली दिली नाही, तर त्यांनी मुलांची शपथ घातली. मुलं आहेत का विचारलं तर नाहीत म्हणाले. बायको हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग नुसतीच, मग भिंतीला टेकून हसली. इतक्या वर्षांत हे हसू त्याने ऐकलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि लगेच त्या पाहुण्याचा मत्सर वाटला.

"तुमच्या घरचे भाग्यवान आहेत," ती डोळे पुसत म्हणाली.

पाहुण्याने ग्लास उचलून उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याने निर्वाणीचा उपाय केला. साडूच्या खिळ्यावरचं जुनं, टक्कल पडलेलं टायर उतरवून सायकलला चढवलं. "अहो, हे फुटेल," साडू म्हणाला, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. संध्याकाळी टाकीच्या वळणापासून खराखुरा ठप, ठप, ठप सुरू झाला. शिंपिणीने इस्त्री बंद केली. घरात भांड्यांचा आवाज झाला. बायको दारात धावत आली, आणि त्याच्या जिवात जीव आला.

"थांब," सासरे तिला म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. सायकल अंगणात येऊन उभी राहीपर्यंत ते मिटलेलेच होते. मग उघडले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"टायर जावयांचंच आहे," ते म्हणाले. "पाय दुसऱ्याचे आहेत. जावई वळणावर गुडघ्यासाठी थबकतात. हा थबकला नाही."

बायकोचा हात दाराच्या चौकटीवर गेला. "ह्यांचं टायर तुमच्याकडे कुठून आलं?"

खरं काय ते कुलूपवाला गेले दोन दिवस सांगत होता. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

"त्यांचं तुम्ही काय केलंत?" सासऱ्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते बूट शोधायला लागले. पोलीस चौकी पायथ्याशी होती. जावई हरवला, त्याचं टायर सापडलं, टायर वापरणारा पाहुणा घरातच पकडला, अशी तक्रार कामापुरती पक्की होती.

बायको पायरीवर बसली. तिने आरडाओरडा केला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "बाबा, ते विचारतील कसे दिसतात," ती म्हणाली.

"सांग की मग."

तिने वर पाहिलं. समोर कुलूपवाला हँडल धरून उभा होता. "ह्या पाहुण्यांएवढेच उंच," ती म्हणाली. "असेच केस. शर्टसुद्धा हाच असतो. उजव्या हाताला किल्लीच्या किसाचा वास येतो."

"ओळखायची खूण?" बूट पायात कोंबत सासऱ्यांनी विचारलं.

"बोलत नाहीत," ती म्हणाली. "वर येईपर्यंत दम संपलेला असतो. मी चाकावरून ओळखायची सगळं. कधी कधी वाटायचं, एखाद्या दिवशी चाक खोटं सांगत असलं तर मला कळणार कसं. पण विचारलं नाही. दमलेल्या माणसाला काय विचारायचं." तिने पुन्हा समोर पाहिलं. "हे पाहुणे फार छान बोलतात. पण मला तेच हवेत."

कुलूपवाल्याला इतका वेळ वाटत होतं की चूक चक्रीची आहे. आपण दारात येऊन कधी काही बोललोच नाही, सगळं टायरवर सोडून दिलं आणि टायर बदललं तेव्हा मागे काही उरलंच नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने सायकल वळवली.

"मी त्यांना घेऊन येतो," तो म्हणाला. "बाबा, एवढा वेळ द्या. बूट घालूनच बसा हवं तर."

उतारावर त्याचे पाय शिवणयंत्रासारखे पळाले. बाजाराच्या तोंडाशी त्याने पेडल रोखलं, चाक चर्रर्र घासलं आणि जुनं टायर त्याच टकलाच्या जागी फाटकन फुटलं. साडू दुकान बंद करत होता. सांगितलं होतं मी, हे त्याने ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या आवाजात म्हणून घेतलं. मग पुन्हा शटर वर केलं आणि नवं टायर बसवून दिलं.

"अठ्ठेचाळीस-सोळा परत लावू का?" त्याने विचारलं. "घरचे ओळखतील तरी. गुडघ्याचं बघू नंतर."

कुलूपवाला क्षणभर त्या जुन्या चक्रीकडे पाहत राहिला. हात पुढे करण्याइतका त्याला मोह झाला होता. "नको," तो म्हणाला. "हीच राहू दे."

तो चढायला लागला. चाकाचा आवाज नव्हता. पाण्याच्या टाकीचं वळण आलं तसा तो बोलायला लागला, आधी पुटपुटत, मग मोठ्याने, कारण बायको वर होती आणि वारा आडवा होता. "अगं, मी येतोय," तो म्हणाला. "आज सकाळी एका म्हातारीची पेटी उघडून दिली. तिच्यात दुसरी पेटी होती. तिची किल्ली पहिल्या पेटीतच होती, पण ती दुसऱ्या पेटीची आहे हे म्हातारीला पटेना. दुपारी नीट जेवलो नाही, घास उतरत नव्हता. गुडघा बरा आहे. तीन महिने फार दुखत होता, मी सांगितलं नाही. फ्रिजवाले परत आले होते. त्यांना कुलूपच काढून हवंय. तू काल हसलीस ना, तसं तू आधी हसलेली मला आठवत नाही, आणि ते मला दिवसभर टोचतंय."

शिंपिणीची खिडकी उघडली. दुसऱ्या दोन खिडक्या उघडल्या. माणूस सायकलवर बसून टेकडी चढताना स्वतःच्या बायकोशी ओरडून बोलतोय हे गल्लीने पाहिलं नव्हतं. त्याला आता थांबता येत नव्हतं, आणि थांबायची गरजही नव्हती, कारण दम भरपूर होता. उरलेला चढ त्याने पहिल्या वर्षीच्या भांडणाबद्दल बोलण्यात घालवला. त्यात चूक त्याची होती, हे त्याने शेवटच्या तीव्र चढावर कबूल केलं, म्हणजे निम्म्या गल्लीसमोर.

अंगणात त्याने डावा पाय पुढे ठेवून सायकल थांबवली. सासरे दारात उभे होते, बूट घालून, डोळे मिटून. बायको त्यांच्या मागे होती. कुलूपवाल्याच्या छातीत चढाने झाली नव्हती तेवढी धडधड झाली.

सासऱ्यांची मान हलली. उभी हलली.

"जावईच आहेत," ते म्हणाले. "गुडघाही बरा दिसतोय. आवाजात दुखणं नाही आता." मग डोळे उघडून त्यांनी अंगणात इकडेतिकडे पाहिलं. "आणि ते पाहुणे?"

"गेले," कुलूपवाला म्हणाला.

"माणूस वाईट नव्हता. मी उगाच बोललो त्याला." ते बूट काढायला बसले.

बायको बाजूला झाली आणि तो आत आला. सवयीने त्याची पावलं लाकडी खुर्चीकडे वळली. तिने त्याची बाही धरली, त्याला खिडकीशी नेलं, आणि खोलगट झालेल्या त्या खुर्चीवरची उशी स्वतःच्या हाताने थापटून नीट केली.

"किती उशीर केलात," ती म्हणाली. "दमलात?"

"नाही," तो म्हणाला.

ती समोरच्या टोचणाऱ्या खुर्चीत बसली. सूप गॅसवर चढवायचं राहून गेलं होतं. "मग त्या दुसऱ्या पेटीत काय निघालं?" तिने विचारलं.